सोबत्याचा आकडा

वाल्मीक कुटे कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळी कचेरी म्हणायची. कचेरीचा अंदाज साफ चुकला होता. वाल्मीक सगळ्यांच्या अध्यात होता आणि मध्यातही होता, फक्त मनातल्या मनात. कुणाची मुलगी बारावीला किती टक्क्यांनी पास झाली, कुणी इंदिरानगरला फ्लॅट बुक केला, साहेबांनी कुणाला 'बसा' म्हटलं आणि कुणाला उभ्यानंच वाटेला लावलं, हे सगळं त्याला तारीखवार पाठ असायचं. तोंडावर तो 'अरे वा, छान' म्हणे. मग घरी येऊन जेवताना बायकोला म्हणे की भाजी अळणी झालीये. चैताली समजून जायची की आज कुणाचं तरी काहीतरी चांगलं झालंय.

मूळचा तो सायखेड्याचा. शेत भावाकडे, नोकरी याच्याकडे. वय एकोणचाळीस, पद कारकून, आणि कारकून म्हणून चौदा वर्षं. अव्वल कारकून व्हायचं तर खात्याची अर्हता परीक्षा पास व्हावी लागते. दोन संधी त्यानं आधीच घालवल्या होत्या. पहिल्या वेळी मुलगी आजारी होती, दुसऱ्या वेळी कुणीच आजारी नव्हतं. आता तिसरी आणि शेवटची राहिली होती. ती गेली की ज्येष्ठता यादीतलं नाव घसरतं आणि मागून आलेली पोरं वर सरकतात. त्यातून मे अखेरीला अव्वल कारकून रावजी निवृत्त होणार होते. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली एक जून ही जन्मतारीख, म्हणजे एकतीस मेला खुर्ची रिकामी. खुर्ची एक आणि परीक्षेला बसणारे दोघं: वाल्मीक आणि प्रफुल्ल.

प्रफुल्ल पगारे नांदगावचा, एकतीस वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात नाशिकला बदलून आला होता. जेल रोडला एका खोलीत एकटा राहायचा, कमी बोलायचा, वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. पाच वाजता सगळे समोरच्या टपरीवर चहाला थांबत, हा थांबत नसे. यात राग यावा असं काही नाही. पण वाल्मीकला राग यायला कारण लागत नसे, निमित्त पुरे असे.

निमित्त मिळालं डिसेंबरात. परीक्षेचं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी डबा खाताना प्रफुल्लनं वाल्मीकला मोबाईल दाखवला. त्यात एक ॲप होतं. आपण ठरवलेली गोष्ट रोज केली की हिरवी टिक मारायची, आकडा एकानं वाढतो. एक दिवस चुकला की आकडा पुसून शून्य. आणि एखाद्याला सोबती म्हणून जोडून घेतलं की दोघांना एकमेकांचा आकडा दिसत राहतो. प्रफुल्लनं अदबीनं विचारलं की भाऊ, तुम्ही माझे सोबती होता का. कुणीतरी बघतंय म्हटलं की माणसाला जमतं, असंही तो म्हणाला. वाल्मीकनं हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर आकडा कसा दिसला असता?

ॲप उतरवून घेतलं, जोडणी झाली, आणि प्रफुल्लच्या नावासमोर आकडा उमटला. एकशे अठ्ठावीस. कशाचा, ते दिसत नव्हतं. ठरवलेल्या गोष्टीच्या जागी बारीकसं कुलूप होतं. पण वाल्मीकला विचारायची गरजच वाटली नाही. चौदा वर्षं सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला एवढं कळतं की जे कुलपात ठेवतात ते मोलाचं असतं. म्हणजे परीक्षेचं पत्र आज आलं आणि हा बाबा एकशे अठ्ठावीस दिवस आधीपासून अभ्यासाला बसलाय! वर गडी गोड बोलून आपल्याला आकडा दाखवतोय. त्या रात्री चैतालीची भाजी फारच अळणी झाली.

दुसऱ्या दिवसापासून वाल्मीकनंही अभ्यास सुरू केला. 'रोज दोन तास अभ्यास' असं ठळक लिहिलं, कुलूपबिलूप काही लावलं नाही. पहाटे पाचला उठायचा, महसूल अधिनियमाचं जाडजूड पुस्तक मांडीवर घ्यायचा आणि आधी मोबाईल उघडायचा. प्रफुल्लचा आकडा एकशे एकोणतीस. आपला एक. मग एकशे तीस, आपला दोन. हे अंतर कधी कमी होणार नव्हतं, हे त्याला गणितानं कळत होतं, पण पोटात दुखायला गणित लागत नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. लग्नं आली, जत्रा आल्या. प्रफुल्लला एकदा ताप आला, तीन दिवस रजेवर होता, तरी आकडा वाढतच राहिला. अंगात ताप असताना कलमं पाठ करणारा माणूस! वाल्मीकला वाटलं, हा माणूस नव्हेच.

आता वाल्मीकच्या अभ्यासाचं खरं सांगायला हवं. फेब्रुवारीपर्यंत त्यानं प्रामाणिकपणे वाचलं. पुढे अपिलांचं प्रकरण लागलं आणि गाडी रुतली. कचेरीत अशा वेळी काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. दर आठवड्याला कारकुनाला कामाचा गोषवारा द्यावा लागतो: आलेली प्रकरणं किती, निकाली किती, शिल्लक किती. शिल्लक जास्त दिसली की साहेब ओरडतात. म्हणून जाणता कारकून अवघड प्रकरण शिल्लक ठेवतच नाही. कुणाला तरी एक पत्र टाकतो, 'माहिती मिळावी', आणि फाईल प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात सरकवतो. उत्तर येईपर्यंत ती शिल्लक धरत नाहीत. वाल्मीकचा गोषवारा कचेरीत सगळ्यात स्वच्छ असे.

अभ्यासाचंही त्यानं तेच केलं. अपिलं प्रतीक्षाधीन. लेखा नियम प्रतीक्षाधीन. पुस्तक उघडून दहा मिनिटं त्यावर बोट फिरवलं की टिक. मग पुस्तक न उघडताही टिक. एप्रिलपासून तो रात्री झोपताना अंथरुणातच डोळे किलकिले करून टिक मारायचा आणि कूस बदलायचा. नोंद झाली म्हणजे काम झालं, या धर्मावर त्याचं आयुष्य उभं होतं. त्यामुळे त्याला आपण लबाडी करतोय असं वाटलंच नाही. उलट प्रफुल्लचा आकडा मात्र शंभर टक्के खरा आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्याचं सुख माणसाला नेहमी अस्सल वाटतं.

मे महिना उजाडला. परीक्षा सात जूनला. पुस्तकाचा निम्मा भाग प्रतीक्षाधीन आणि प्रफुल्ल दोनशे सत्तरच्या पुढे. वाल्मीकला आता आपण पास व्हावं याहून जास्त एक गोष्ट हवी होती. प्रफुल्लचा आकडा मोडावा. एकदाच मोडावा. शून्य दिसावं. ते शून्य तो मनातल्या मनात रोज बघायचा, कचेरीतल्या पंख्याकडे बघता बघता.

रावजींनी निरोपाचं जेवण दिलं एकतीस तारखेच्या रविवारी, विंचूरजवळ, आपल्या जावयाच्या मळ्यात. जावयाची वाईनच्या द्राक्षांची बाग होती. खरड छाटणी होऊन गेलेली, मांडवावर नवी फूट आलेली. शेडमध्ये सतरंज्या टाकलेल्या. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीच्या भाकरी, आणि ज्या कंपनीला जावई द्राक्षं घालायचा तिच्या वाईनच्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात. नाशिकच्या माणसाला वाईनचं कौतुक नाही आणि भीतीही नाही. दारूला हात न लावणारी इथली माणसंसुद्धा वाईन म्हणजे द्राक्षाचा रस आणि द्राक्षाचा रस म्हणजे शेतीमाल, असं म्हणून स्टीलच्या पेल्यात घोटभर घेतात.

वाल्मीक मात्र तेही घेत नसे. त्याला पित्ताचा त्रास होता. सगळी कचेरी त्याला निर्व्यसनी म्हणे आणि ते त्याला आवडायचं.

त्या दिवशी सकाळी आकडा होता दोनशे नव्याण्णव. म्हणजे आज रात्री तीनशे होणार. वाल्मीक बसमधून येताना वाटभर तेच बघत होता. शेडमध्ये प्रफुल्ल एका कडेला बसला होता, हातात ताकाचा पेला. दोन वाजले तसा तो उठला आणि रावजींना म्हणाला की पोट बरं नाही, निघतो. वाल्मीकनं ते ऐकलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पोट बरं नाही म्हणे! घरी जाऊन पुस्तक उघडायचंय, तीनशेची टिक मारायचीय. या माणसाला चार घोट पाजले, पेंगुळला, तर आज टिक पडणार नाही. विचार एवढा सोपा होता की वाल्मीकला आधी का सुचला नाही याचंच नवल वाटलं.

त्यानं प्रफुल्लचा दंड धरून त्याला बसवलं. पेला भरून त्याच्यासमोर ठेवला. प्रफुल्लनं पेला बाजूला सारला. वाल्मीकनं परत पुढे केला. आजूबाजूचे बघायला लागले. प्रफुल्लनं हळूच सांगितलं की भाऊ, मला नको, आग्रह करू नका. त्याचा आवाज जरा चमत्कारिक येत होता, आणि वाल्मीकला तो ऐकूही आला, पण कानाला ऐकू आलेलं सगळं मनापर्यंत पोचतंच असं नाही.

"अरे, ही काय दारू हाय का?" वाल्मीक म्हणाला. "आपल्याच बांधावरची द्राक्षं हायेत. हे बघ, मी जन्मात घेत नाय, पण आज रावजीभाऊंसाठी घेतो." आणि त्यानं सगळ्यांदेखत एक घोट घेतला. "आता तू माझा मान राखणार नाय का?"

प्रफुल्ल वाल्मीकच्या पेल्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडाकडे. इतका वेळ वाल्मीककडे कुणी कधी बघितलं नव्हतं. मग प्रफुल्लनं पेला उचलला आणि एका दमात संपवला. दुसरा त्यानं स्वतःच भरून घेतला. तिसऱ्याला वाल्मीक जवळ नव्हता. तो पान खायला बाहेर गेला होता. चार वाजता कुणीतरी गाडीतून दुसरी बाटली काढली, ती द्राक्षांची नव्हती. वाल्मीक तोवर बसमध्ये बसला होता. घरी जाताना त्यानं पाव किलो जिलबी नेली. चैतालीनं विचारलं, कशाची? तो म्हणाला, सहज.

सोमवारी पहाटे त्यानं मोबाईल उघडला. शून्य.

वाल्मीक न्हाणीघरात एकटाच हसला. इतका मोकळा तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता. स्वतःच्या नावासमोरचे एकशे एकाहत्तर त्याला पहिल्यांदाच भरघोस वाटले. कचेरीत प्रफुल्ल आला नव्हता. मंगळवारीही आला नाही. आकडा शून्यच. आणि मंगळवारी दुपारी वाल्मीकच्या आनंदाला कीड लागली. हा कचेरीत येत नाही म्हणजे काय करतो? परीक्षेसाठी रजा टाकून घरी बसला असणार. दिवसाचे अठरा तास वाचत असणार. ॲप बघायलाही फुरसत नसणार, म्हणून शून्य. वाल्मीकनं तडकाफडकी स्वतःच्याही रजेचा अर्ज लिहिला, गुरुवारपासून.

बुधवारी बाराच्या सुमारास एक बाई दारात आली. साठीची, नऊवारी नव्हे, साधी पांढऱ्यावर निळी पाचवारी, हातात कापडी पिशवी. शिपायाला तिनं वाल्मीकभाऊ कोण ते विचारलं. शिपायानं बोट दाखवलं. ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली की मी लताबाई, प्रफुल्लची आई, नांदगावहून आले.

वाल्मीकनं तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. ती पाणी प्यायली नाही.

"दहा महिने झाले होते, भाऊ," ती म्हणाली. "दहा महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. तिकडं नांदगावला लय प्यायचा. नोकरी जायची वेळ आली होती. मग शपथ घेतली, बदली मागून घेतली, मोबाईलमधी रोजचा दिवस मांडायचा. मला दर रात्री फोन करून आकडा सांगायचा. रविवारी फोन नाय आला. सोमवारी नाय. आज पहाटेच्या गाडीनं आले तर खोलीत पडलेला. तोंड धुतलेलं नाय, अन्न नाय."

आजूबाजूच्या टेबलांवरचं टंकन थांबलं होतं.

लताबाई सांगत होती की पोरगा कुणाचंच नाव घेत नाही, कुणी पाजली ते सांगत नाही. तुमचं नाव तेवढं त्याच्या तोंडात नेहमी असतं. कचेरीत एकच माणूस असा आहे जो पीत नाही, म्हणून त्याला मी सोबती लावलंय, असं तो डिसेंबरात म्हणाला होता. म्हणून ती खोलीवरून तडक इथं आली होती. तुमचं तो ऐकेल, तुम्ही समजावा, एवढंच मागणं होतं.

वाल्मीकला गप्प बसता आलं असतं. 'येतो संध्याकाळी' म्हटलं असतं तरी बाई आशीर्वाद देऊन गेली असती. रविवारी मळ्यात होते ते चारपाच जण आपापल्या कागदांत डोकं घालून बसले होते, त्यातलं कुणी बोललं नसतं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की गप्प बसणं जमेना.

"मावशी, मीच पाजली," तो म्हणाला. "मला वाटलं तो आकडा अभ्यासाचा हाय. मला तो मोडायचा होता."

लताबाईनं त्याच्याकडे बघितलं. ती ओरडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं, निदान तशी त्याची इच्छा होती. ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"चला मग," ती म्हणाली. "पाजायला बसला होता ना त्याच्यापाशी? आता तसंच बसायला चला."

वाल्मीकच्या स्कूटरवर ती मागे बसली. द्वारका मागे पडलं, जेल रोड लागला. वाल्मीकच्या डोक्यात तरीही, लाज वाटत असूनही, रविवारची परीक्षा होतीच. चार दिवस राहिले होते. माणूस किती कोडगा असतो, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

प्रफुल्ल भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. वाल्मीकला बघून तो उठायला लागला. वाल्मीकनं त्याला बसवलं आणि समोर फरशीवर बसला. जे कचेरीत बोलला तेच इथं बोलला, आकड्याचं, अभ्यासाचं, पेल्याचं. प्रफुल्ल ऐकून घेत होता. शेवटी तो म्हणाला की पेला मी उचलला भाऊ, तुमचा हात नव्हता त्यात. आणि अभ्यास? त्यानं खिडकीकडे बोट केलं. तिथं महसूल अधिनियमाचं पुस्तक होतं, कोरं करकरीत. ते त्यानं मार्चमध्ये आणलं होतं, आणि त्यातली जेमतेम चाळीस पानं वाचून झाली होती.

लताबाईनं पिठलं टाकलं. प्रफुल्लनं दोन घास खाल्ले. संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि त्याचे हात थरथरायला लागले. तो मांड्यांखाली हात दाबून बसला. चैतालीचा फोन आला, वाल्मीकनं एवढंच सांगितलं की आज इथंच थांबतो. त्या दिवशी त्याच्या ॲपवर टिक पडली नाही. त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी तो जागा झाला तेव्हा प्रफुल्ल मोबाईल घेऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाल्मीक घाबरून उठला.

"भाऊ, माझ्यापायी तुमचा खाडा पडला," प्रफुल्ल म्हणाला. "एकशे त्र्याहत्तर दिवस. शून्य झालं बघा. रोज संध्याकाळी हात असे व्हायचे ना, तेव्हा मी तुमचा आकडा उघडायचो. म्हणायचो, घरसंसार, कचेरी सांभाळून भाऊ एक दिवस चुकत नाय, मग मला का नाय जमणार? तेवढ्यावर मी रात्र काढायचो."

लताबाईनं शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. वाल्मीकनं खाली मान घातली. पेल्याची कबुली देताना त्याला इतकं जड गेलं नव्हतं. ती वाईट गोष्ट होती, पण एका दिवसाची होती.

"ते दिवस खरे नव्हते, प्रफुल्ल," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून मी नुसत्या टिका मारत होतो. पुस्तक उघडत पण नव्हतो."

प्रफुल्लनं त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. आपण बसलेल्या गाडीची पाटीच चुकीची होती हे अर्ध्या वाटेत कळल्यावर माणूस बघतो, तसं काहीतरी होतं.

"मग मी कुणाकडं बघत होतो, भाऊ?"

लताबाईनं तिघांना चहा ओतला. अभ्यासासाठी काढलेल्या रजेचा तो पहिला दिवस होता; वाल्मीक चहा प्यायला, आणि प्रफुल्लपाशी तिथंच बसून राहिला.